पीटीच्या नियमांवरून शिका: ड्रूल्ससाठी टेस्ट केसेस कशा लिहायच्या आणि पुन्हा पुन्हा कशा वापरायच्या

पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पीटीचा (व्यवसाय कराचा) नियम बदलणं म्हणजे एक्सेलच्या तक्त्यातला एक आकडा खोडून दुसरा लिहिणं. काम पाच मिनिटांचं. पण "बाकी कुठे काही मोडलं नाही ना?" असं पेरोलच्या मॅनेजरने विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. रूल इंजिनवर (कोडबाहेर लिहिलेले नियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नव्याने आलेल्या टेस्टर, बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) आणि डेव्हलपर मंडळींना या प्रश्नाचं उत्तर छातीठोकपणे देता यावं, म्हणून हा लेख.

उदाहरण महाराष्ट्राच्या व्यवसाय कराचं घेतलंय, म्हणजे आपल्या पे-स्लिपवर दर महिन्याला दिसणारा पीटी. नियम छोटा आहे, पण त्यात रकमेचे टप्पे आहेत, स्त्री-पुरुष फरक आहे, एका महिन्याचा अपवाद आहे आणि मधेच बदललेला कायदाही आहे. इंजिन ड्रूल्स धरलंय, कारण ते मुक्त आहे आणि घरी बसून शिकता येतं. तुमच्याकडे दुसरं कुठलं इंजिन असेल तर मुख्यतः चौथी आणि थोडी पाचवी पायरी बदलेल.

सुरुवातीला काय लागेल

- जावा, मेव्हन आणि चालणारा एक ड्रूल्सचा प्रोजेक्ट. नियम डीआरएल फाइलमध्ये (ड्रूल्सची नियम लिहायची भाषा) असोत की एक्सेलच्या डिसिजन टेबलमध्ये (एका ओळीला एक नियम असा तक्ता), फरक पडत नाही.
- जेयुनिट ५, म्हणजे जावाच्या टेस्ट चालवायची चौकट. त्यातल्या पॅरामीटराइज्ड टेस्ट, म्हणजे एकच टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर चालवणाऱ्या, आपल्या कामाच्या.
- साधा टेक्स्ट एडिटर. सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, कारण पुढे सांगतो.
- गिट. टेस्ट केसेस नियमांच्याच रिपॉझिटरीत राहतील, कुणाच्या लॅपटॉपवर नाही.
- मूळ कागद: कायद्याची अनुसूची, त्यातल्या दुरुस्त्या आणि अधिसूचना. कुणीतरी मेलमध्ये पाठवलेला स्लॅबचा फोटो हा मूळ कागद नव्हे.
- पेरोलमधला एक अनुभवी माणूस, ज्याला दिवसातून अर्धा तास त्रास देता येईल.

## १. नियम आधी साध्या वाक्यांत लिहून काढा

कोड उघडायच्या आधी हे करा. कोड वाचून टेस्ट लिहिली तर कोडमधली चूकच टेस्टमध्ये उतरते आणि दोघं मिळून हिरवे, म्हणजे पास, दिसतात.

महाराष्ट्राचा १९७५ चा व्यवसाय कर कायदा आणि त्यातल्या दुरुस्त्या मिळून पगारदारांसाठी आज असं म्हणतात:

- पुरुष: महिन्याचा पगार ७,५०० रुपयांपेक्षा जास्त नसेल तर कर नाही. ७,५०० पेक्षा जास्त पण १०,००० पेक्षा जास्त नाही, तर दरमहा १७५. १०,००० पेक्षा जास्त असेल तर दरमहा २००, फक्त फेब्रुवारीत ३००.
- स्त्री: १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत कर नाही. त्यावर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती.
- ६५ वर्षांवरील व्यक्तींना, आणि ठरलेल्या अटींवर दिव्यांगांना व दिव्यांग मुलांच्या पालकांना सूट.

फेब्रुवारीतले ते जादा शंभर उगीच नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० मिळून बरोबर तेवढे होतात. ही मर्यादा पूर्वी २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. टेस्टिंगच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण एक फार उपयोगी टेस्ट यातूनच निघते, तिच्याकडे येऊच.

वाक्यं लिहिताना "पर्यंत", "पेक्षा जास्त", "पासून" या शब्दांखाली रेघ मारा. भांडणं तिथेच होतात.

## २. कडा शोधा

नवीन माणूस टेस्ट लिहितो ती ५,०००, ९,०००, ४०,००० अशा टप्प्याच्या मधोमध बसणाऱ्या आकड्यांची. त्या चालतातच. चूक कडेला असते.

पीटीचा तक्ता बहुतेक ठिकाणी असा छापलेला असतो: "७,५०१ ते १०,०००" आणि "१०,००१ पासून पुढे". डेव्हलपर हा तक्ता समोर ठेवून नियम लिहितो, तेही अगदी जसाच्या तसा. मग एखाद्याचा महिनाभराचा पगार रजा वजा जाता १०,०००.५० निघतो. तो १०,००० च्या आत नाही आणि १०,००१ च्या वरही नाही. कुठलाच नियम लागत नाही, पीटी कापला जात नाही. कायद्यात "दहा हजारांपेक्षा जास्त" असं आहे, म्हणजे उत्तर २०० आहे. तक्ता छापणाऱ्याचं चुकलं नाही, त्याला माणसांनी वाचायचा कागद करायचा होता. तो मशीनला तसाच भरवला ही गडबड.

म्हणून प्रत्येक मर्यादेसाठी दोन केसेस हव्यातच: बरोबर कडेवरची, आणि कडेच्या अगदी जरासं पुढची, तीही पैशांत.

दुसरी कड महिन्याची. "फेब्रुवारी असेल तर ३००" असा सुटा नियम लिहिला गेला, तर ९,००० पगाराच्या माणसालाही ३०० लागतात. त्याचे फेब्रुवारीतही १७५ च आहेत. ही केस मी डोळे मिटून प्रत्येक पेरोल प्रोजेक्टमध्ये टाकतो.

बारा महिन्यांच्या बारा केसेस मात्र करू नका. फेब्रुवारी आणि दुसरा कुठलाही एक महिना पुरे. उगीच फुगवलेली फाइल पुढे कुणी वाचत नाही.

## ३. केसेस कोडमध्ये नाही, फाइलमध्ये ठेवा

केस जावाच्या कोडमध्ये लिहिली की ती फक्त जावाच्या कामाची राहते. सीएसव्हीत ठेवली की बिल्ड चालवणारं मशीन, पोस्टमन (एपीआय तपासायचं टूल), उद्याचं दुसरं इंजिन आणि पेरोलचा मॅनेजर, असे सगळे तीच वाचू शकतात. पीटीची फाइल अशी दिसते:

| क्रमांक | लिंग | महिना | पगार | अपेक्षित | कारण |
|---|---|---|---|---|---|
| पीटी-१०१ | पुरुष | २०२४-०६ | ७५०० | ० | पहिल्या टप्प्याची कड |
| पीटी-१०२ | पुरुष | २०२४-०६ | ७५००.५० | १७५ | ७,५०० पेक्षा जास्त |
| पीटी-१०३ | पुरुष | २०२४-०६ | १०००० | १७५ | दुसऱ्या टप्प्याची कड |
| पीटी-१०४ | पुरुष | २०२४-०६ | १००००.५० | २०० | १०,००० पेक्षा जास्त |
| पीटी-१०५ | पुरुष | २०२४-०२ | ९००० | १७५ | फेब्रुवारीचा जादा भार या टप्प्याला नाही |
| पीटी-१०६ | पुरुष | २०२४-०२ | १००००.५० | ३०० | फेब्रुवारी |
| पीटी-१०७ | स्त्री | २०२४-०६ | २५००० | ० | नव्या मर्यादेची कड |
| पीटी-१०८ | स्त्री | २०२४-०६ | २५०००.५० | २०० | २५,००० पेक्षा जास्त |
| पीटी-१०९ | स्त्री | २०२३-०३ | २०००० | २०० | जुनी मर्यादा, शेवटचा महिना |
| पीटी-११० | स्त्री | २०२३-०४ | २०००० | ० | नवी मर्यादा, पहिला महिना |
| पीटी-१११ | रिकामं | २०२४-०६ | २०००० | त्रुटी | लिंग माहीत नसताना कर ठरवू नये |

शेवटचा रकाना लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. दोन वर्षांनी पीटी-१०५ लाल झाली तर "टेस्ट चुकली की नियम?" हा वाद त्या एका ओळीने मिटतो. शक्य असेल तिथे कलमाचा किंवा अधिसूचनेचा संदर्भही तिथेच टाका.

आता फाइलबद्दलच्या खाचाखोचा:

- रकमेत स्वल्पविराम नको. १०,००० लिहिलं की सीएसव्हीत त्याचे दोन रकाने होतात आणि पुढचं सगळं सरकतं.
- एक्सेल तारखांना हात लावतं. महिना वर्ष-महिना अशाच रूपात ठेवा आणि फाइल साध्या एडिटरमध्येच सेव्ह करा.
- क्रमांक एकदा दिला की दिला. केस बाद झाली तरी तो क्रमांक दुसऱ्या केसला देऊ नका, नाहीतर जुन्या रिपोर्टांचा अर्थ लागत नाही.
- खऱ्या कर्मचाऱ्याचा डेटा उचलून फाइलमध्ये टाकू नका. नाव, पॅन, बँक खातं यातलं काहीही पीटी ठरवायला लागत नाही.

## ४. फाइल इंजिनला जोडा

इथे काम कमी आहे. जेयुनिट ५ च्या पॅरामीटराइज्ड टेस्टला सीएसव्ही फाइल थेट देता येते, पहिली मथळ्याची ओळ वगळायचीही सोय आहे. प्रत्येक ओळीमागे टेस्ट एकदा चालते: ओळीतून कर्मचारी तयार करायचा, सेशनमध्ये (इंजिनमधली नियम चालायची जागा) टाकायचा, नियम चालवायचे, आलेला कर अपेक्षित कराशी ताडायचा. नवीन केस म्हणजे फाइलमध्ये नवीन ओळ, कोडला हात नाही.

तीन गोष्टी मात्र सांभाळा.

नियमांचं कंपाइलिंग वेळखाऊ असतं, ते सगळ्या टेस्ट मिळून एकदाच करा. पण सेशन प्रत्येक केससाठी नवं घ्या आणि काम झालं की डिस्पोज करा. एकच सेशन वापरलं तर आधीच्या केसचा कर्मचारी आत बसून राहतो. मग एकटी चालवल्यावर हिरवी असलेली टेस्ट सगळ्यांबरोबर चालवली की लाल होते, आणि तुम्ही दिवसभर चूक नियमात शोधता.

रकमा डबलमध्ये नको, बिग-डेसिमलमध्ये घ्या. आणि ताडताना साधं इक्वल्स वापरू नका. जावाच्या लेखी २०० आणि २००.०० हे बिग-डेसिमल म्हणून सारखे नाहीत, कारण दशांशाची घरं वेगळी. कंपेअर-टू वापरा.

फायर-ऑल-रूल्सला कमाल मर्यादा देता येते, ती द्या. एखादा नियम स्वतःच बदललेल्या वस्तूवर पुन्हा लागू होत राहिला तर तो थांबतच नाही, आणि बिल्डचं मशीन रात्रभर गरम होत बसतं.

ड्रूल्सबरोबर स्वतःचा टेस्ट सिनारिओ एडिटर येतो. त्यात "गिव्हन" आणि "एक्स्पेक्ट" असे रकाने भरायचे असतात. कोड न लिहिणाऱ्या बीएला तो बरा पडतो. माझं मत विचाराल तर मुख्य साठा सीएसव्हीतच ठेवा, कारण त्या एडिटरची फाइल त्या कुटुंबाबाहेर कुणाला कळत नाही.

## ५. खोट्या शून्यापासून सावध

या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही.

पीटी-१०७ मध्ये अपेक्षित कर शून्य आहे. समजा डिसिजन टेबलमध्ये कुणी लिंगाच्या रकान्यात "महिला" लिहिलं आणि डेटात "स्त्री" येतं. नियम लागतच नाही. पण कर्मचारी तयार करताना कर शून्यच धरलेला असतो. उत्तर शून्य, अपेक्षित शून्य, टेस्ट हिरवी! नियम एकदाही चाललेला नसताना.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. पहिला, कराची सुरुवातीची किंमत शून्य नको, रिकामी ठेवा. "कर नाही" हेही नियमाने ठरवलेलं उत्तर असलं पाहिजे. दुसरा, सेशनला अजेंडा इव्हेंट लिसनर (नियम लागला की कळवणारा कोडचा तुकडा) लावा आणि कुठल्या नावाचा नियम लागला याची नोंद घ्या. फाइलमध्ये "अपेक्षित नियम" असा आणखी एक रकाना वाढवला की उत्तर बरोबर पण वाट चुकीची, अशी केसही पकडली जाते. नियमांची नावं सारखी बदलत असतील तर हा रकाना डोकेदुखी होतो, तेव्हा तो फक्त शून्य अपेक्षित असलेल्या ओळींना भरा.

याचाच जुळा भाऊ म्हणजे डिसिजन टेबलमधला रिकामा चौकोन. ड्रूल्सच्या एक्सेल तक्त्यात अटीचा चौकोन रिकामा ठेवला तर ती अट त्या ओळीला लागूच नाही, असा अर्थ होतो. लिंगाचा चौकोन भरायचा राहिला तर पुरुषांची ओळ स्त्रियांनाही लागते. मग एकाच व्यक्तीला दोन नियम लागतात आणि शेवटी चाललेल्याचं उत्तर उरतं. त्यामुळे लिसनरकडून नुसतं नाव घेऊन थांबू नका, करासाठी बरोबर एकच नियम लागला ना, हेही तपासा. नियम डीएमएनमध्ये (नियमांचे तक्ते लिहायची एक प्रमाण पद्धत) असतील तर तक्त्याची हिट पॉलिसी (किती ओळी लागू शकतात हे ठरवणारी) युनिक ठेवा, दोन ओळी एकावर एक आल्या तर तिथेच उघड होतं.

## ६. एक टेस्ट आकड्यांपलीकडची

आता ती २,५०० ची गोष्ट. वेगवेगळे पगार घ्या, प्रत्येकाचे बारा महिने चालवा, बेरीज करा. ती २,५०० च्या वर कधीच जाता कामा नये. कुठल्याही टप्प्याचा आकडा तुम्हाला माहीत नसला तरी ही टेस्ट चालते. तसंच, बाकी सगळं तेच ठेवून पगार वाढवला तर कर कमी होता कामा नये. या दोन टेस्ट फाइलमध्ये ओळ म्हणून बसत नाहीत, त्या कोडमध्येच लिहा. स्लॅब कितीही वेळा बदलले तरी त्या तशाच राहतात.

## ७. मुद्दाम मोडून बघा

सगळं हिरवं दिसलं की लगेच कळवू नका. तक्त्यातले २५,००० चे २४,००० करा आणि टेस्ट चालवा. पीटी-१०७ लाल झाली पाहिजे. "पेक्षा जास्त"च्या जागी "किंवा जास्त" करा. फेब्रुवारीची ओळ उडवा. प्रत्येक वेळी कुठली केस ओरडली ते लिहून ठेवा आणि बदल मागे घ्या. काहीच लाल झालं नाही तर तिथे केस कमी आहे. तासाभराचं काम आहे, आणि साहेबांना दाखवायला कव्हरेजच्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलकं आहे.

## ८. तीच फाइल कुठे कुठे वापराल

- बिल्डमध्ये: नियमात कुणीही बदल केला की सगळ्या ओळी आपोआप चालतात.
- स्टेजिंग सर्व्हरवर: नियम रेस्ट सर्व्हिस म्हणून लावले असतील तर पोस्टमनच्या कलेक्शन रनरला हीच सीएसव्ही द्या. मथळ्यातली नावं व्हेरिएबल म्हणून मिळतात. बिल्डमध्ये हिरवी आणि इथे लाल, असं झालं तर नियम ठीक आहेत, बहुधा सर्व्हरवर जुनी आवृत्ती बसली आहे.
- जुन्या-नव्या आवृत्तीच्या तुलनेत: दोन्ही आवृत्त्यांवर तीच फाइल चालवा आणि फक्त फरक छापा. ठरवलेल्या बदलाच्या बाहेरची एकही ओळ त्यात दिसता कामा नये.
- सहीसाठी: पेरोलच्या माणसाला कोड दाखवू नका, हा तक्ता दाखवा. "२५,००० बरोबर असेल तर शून्य ना?" असं विचारा. तो कडांवर जे बोलेल ते कारणाच्या रकान्यात टाका.
- दुसऱ्या राज्यात: इथे जपून. राज्याचा रकाना वाढवला की कर्नाटकच्या शाखेलाही हीच चौकट चालते, पण आकडे नुसते कॉपी करू नका. तिथेही एप्रिल २०२३ पासून मर्यादा २५,०००ची झाली, फक्त तिथे "२५,००० आणि त्याहून जास्त" पगारावर कर आहे, आणि स्त्री-पुरुष भेद नाही. म्हणजे बरोबर २५,००० पगाराच्या बाईंना पुण्यात शून्य आणि बेळगावात कर. आकडा तोच, कड उलटी.

## ९. नियम बदलला की जुनी केस पुसू नका

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो आणि बदल बहुधा १ एप्रिलपासून लागतो. तेव्हा पहिला मोह होतो तो जुन्या ओळीतला अपेक्षित आकडा बदलण्याचा. तो करू नका. मागच्या वर्षीच्या एखाद्या महिन्याचा हिशोब पुन्हा काढायची वेळ पेरोलवर येतेच, आणि तेव्हा जुनाच दर लागतो. पीटी-१०९ आणि पीटी-११० शेजारी शेजारी उभ्या आहेत त्या याचसाठी.

त्यासाठी नियम "आजच्या तारखेवर" चालता कामा नयेत. नियमात संगणकाचं घड्याळ बघितलं जात असेल तर जानेवारीत हिरव्या असलेल्या टेस्ट १ फेब्रुवारीला सकाळी लाल होतात. पगाराचा महिना डेटा म्हणून आत द्या, नियमाला भिंतीवरचं कॅलेंडर बघू देऊ नका.

बदलाच्या दिवशीचा क्रम असा ठेवा. आधी नव्या तारखेच्या नव्या ओळी फाइलमध्ये टाका आणि चालवा. त्या लाल यायला हव्यात, आल्या नाहीत तर खोट्या शून्याची पायरी पुन्हा वाचा. मग नियम बदला. आता नव्या ओळी हिरव्या झाल्या पाहिजेत आणि जुन्या हिरव्याच राहिल्या पाहिजेत. एखादी जुनी ओळ लाल झाली तर नव्या नियमाला "कधीपासून" ही अट लावायची राहिली आहे का, हे सगळ्यात आधी बघा. फाइल आणि नियम एकाच कमिटमध्ये टाका, कमिटच्या संदेशात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि मगच पेरोलच्या मॅनेजरला मेल करा.